घरच्या वेधशाळेसाठी वरच्या श्रेणीचं माउंट कसं निवडावं

दुर्बिणीची नळी निवडताना माणूस सहा-सहा महिने वाचन करतो आणि ती नळी पेलून ताऱ्यांमागं फिरवणारं माउंट उरलेल्या पैशांत बसवतो. कायमच्या वेधशाळेत हा क्रम उलटा ठेवावा. नळी काही वर्षांनी बदलते, कॅमेरा तर त्याहून लवकर जुना होतो. खांबावर आवळलेलं माउंट मात्र पंधरा-वीस वर्षं तिथंच राहू शकतं, आणि त्यावर पुढं काय चढवता येईल हेही तेच ठरवतं.

इथं जे सांगतोय ते दीर्घ एक्सपोजरची छायाचित्रं घेणाऱ्यांसाठी आहे. नुसतं आयपीसमधून पाहणाऱ्याला इतकी अचूकता लागत नाही. त्यानं वजन पेलतं का आणि हात लावल्यावर कंपन किती वेळ टिकतं एवढं पाहिलं तरी पुरे.

महागडं माउंट घेताना बहुतेक जण एकच आकडा शोधतात: ट्रॅकिंगची, म्हणजे ताऱ्यामागं फिरण्याची, चूक किती विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग)? आकडा महत्त्वाचा आहेच, पण एका मर्यादेपलीकडचा त्याचा फायदा हवा खाऊन टाकते. त्यापुढचे पैसे मोजायचे ते वर्षातल्या मोजक्या स्वच्छ रात्री माउंटच्या कटकटीत वाया जाऊ नयेत म्हणून. माझं मत सांगायचं तर वरच्या श्रेणीचं माउंट घेण्याचं हेच मुख्य कारण आहे. पुढच्या पायऱ्या वाचताना हे डोक्यात ठेवा.

पायरी १: तुमचं आकाश किती देतं ते आधी मोजा

कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर आकाशाचा किती तुकडा पडतो ते आधी काढा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थनं भागा. उत्तर विकलांमध्ये येतं. सध्या ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल सर्रास असतात. ते धरले तर ५३० मिमीच्या छोट्या अपवर्तकावर (भिंगांच्या दुर्बिणीवर) एक पिक्सेल १.४६ विकलांचा होतो, २,००० मिमीवर ०.३९ चा, आणि सेलेस्ट्रॉनच्या १४ इंची एजएचडीवर, म्हणजे ३,९१० मिमीवर, जेमतेम ०.२ विकलेचा.

यानंतर सीइंग, म्हणजे हवेच्या थरथरीमुळं तारा किती पसरतो ते. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. डोक्यावरच्या भागातली २०-३० सेकंदांची छायाचित्रं वेगवेगळ्या रात्री घ्या आणि ताऱ्यांची एफडब्ल्यूएचएम, म्हणजे निम्म्या उंचीवरची रुंदी, विकलांमध्ये नोंदवत जा. सगळ्यांत चांगली रात्र बाजूला ठेवा आणि मधली किंमत धरा. बऱ्याच घरांच्या गच्चीवर किंवा अंगणात ती २ ते ३ विकलांच्या दरम्यान निघते.

आता खरा हिशोब. गायडिंगची (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त्या पाठवण्याची) आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीवरून काढलेली, चूक प्रत्येक अक्षासाठी घ्या आणि २.३५५ नं गुणा. ताऱ्याला माउंटमुळं येणारी रुंदी तेवढी. ती आणि सीइंगची रुंदी सरळ बेरजेनं मिळत नाहीत. दोघींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. सीइंग २ विकला असेल आणि प्रत्येक अक्षात चूक १ विकला असेल तर तारा ३.१ विकलांचा होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त फुगतो. चूक ०.५ वर आणली की २.३. ०.३ वर आणली की २.१. आणखी खर्च करून ०.२ वर नेली तर २.०५, आणि हा शेवटचा फरक छायाचित्रात कुणालाही दिसणार नाही.

तेच सीइंग १ विकलेचं असेल तर गणित पालटतं. ०.५ ची चूक ताऱ्याला १.५५ पर्यंत नेते आणि ०.३ ची चूक १.२२ वर थांबवते. डोंगरमाथ्यावर किंवा शांत हवेच्या जागी वेधशाळा असलेल्यानं म्हणूनच अचूकतेवर जास्त खर्च करणं रास्त आहे. शहराच्या कडेला २.५ विकलांच्या सीइंगखाली बसणाऱ्यानं प्रत्येक अक्षात ०.४-०.५ विकला, तीही दर रात्री न चुकता, एवढं मिळवलं तरी पुष्कळ. गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा एकूण आरएमएस दोन्ही अक्षांचा मिळून असतो, हे आकडे ताडून पाहताना विसरू नका.

तुमची दुर्बीण ५०० मिमीच्या आसपासची असेल आणि पुढंही तीच राहणार असेल, तर हा लेख इथंच मिटवलात तरी हरकत नाही. मधल्या श्रेणीचं चांगलं माउंट आणि नीट बांधलेला खांब यांवर तुमचं काम भागेल.

पायरी २: वजन आणि तरफ

वजन मोजताना नळीचं पत्रकातलं वजन धरून थांबू नका. १४ इंची एजएचडी नुसती २१ किलोची. तिच्यावर कॅमेरा, फिल्टर व्हील, ऑफ-अॅक्सिस गायडर (मुख्य नळीतल्याच प्रकाशावर गायडिंग करणारं उपकरण), फोकसर, दवरोधक पट्टा, वरची-खालची डव्हटेल पट्टी आणि छोटा संगणक चढला की आकडा सहज २७-२८ किलोंवर जातो. घरचा वजनकाटा घ्या आणि एकेक वस्तू तोलून लिहून काढा.

क्षमतेच्या आकड्यांबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. अॅस्ट्रो-फिजिक्स ११०० आणि १०मायक्रॉन जीएम२००० एचपीएस यांची क्षमता सुमारे ५० किलो सांगितली जाते, आयऑप्ट्रॉन सीईएम१२० ची ५२. कागदावर तिघं एका रांगेत. पण कुणी छायाचित्रणासाठीचा आकडा देतं, कुणी माउंट नुसतं हलवू शकेल तो. स्वस्त माउंटसाठी निम्मी क्षमता धरायची हा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. वरच्या श्रेणीत दोन-तृतीयांशापर्यंत जायला मी बिचकणार नाही, पण त्यापुढं जाण्यात अर्थ नाही. उद्या नळी बदलायची झाली तर तेवढी जागा उरलेली बरी.

क्षमतेइतकीच महत्त्वाची आहे तरफ. भार अक्षापासून जितका लांब, तितका माउंटवर ताण जास्त. दहा किलोची आखूड जाड नळी आणि दहा किलोचा सव्वा मीटर लांब अपवर्तक यांत दुसरा माउंटला कितीतरी जड जातो. लांब नळीच्या टोकाशी वारा लागला की तो थेट क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या) अक्षाला पिळतो. उघड्या सरकत्या छपराखाली लांब अपवर्तक ठेवणार असाल तर एक श्रेणी वरचं माउंट बघा. घुमटात हा प्रश्न बराच हलका होतो.

पायरी ३: आतली चाकं ओळखा

माउंटचा स्वभाव त्याच्या आतल्या यंत्रणेवरून ठरतो, म्हणून इथं घाई करू नका.

वर्म गिअर. सर्वांत जुनी आणि सर्वांत समजलेली पद्धत. दातेरी चाकाला मळसूत्री दांडा हळूहळू फिरवतो. आकाशाला एक फेरा मारायला ८६,१६४ सेकंद लागतात. त्याला चाकाच्या दात्यांनी भागलं की वर्मच्या एका फेऱ्याचा काळ मिळतो: १८० दात्यांना ४७९ सेकंद, २२५ ला ३८३, ३६० ला २३९. दांडा पूर्णपणे निर्दोष कधीच नसतो, म्हणून दर फेऱ्याला तारा त्याच तऱ्हेनं पुढं-मागं सरकतो. हीच आवर्ती चूक. वरच्या श्रेणीत ती टोकापासून टोकापर्यंत ५-७ विकला किंवा त्याहून कमी असते, स्वस्त माउंटमध्ये तिच्या कित्येक पट. शिवाय ती दर वेळी सारखीच असल्यामुळं नोंदवून ठेवता येते आणि पीईसीनं, म्हणजे त्या नोंदीवरून माउंटनं केलेल्या दुरुस्तीनं, बरीचशी खोडता येते. अॅस्ट्रो-फिजिक्स आणि सॉफ्टवेअर बिस्कची पॅरामाउंट ही याच घराण्यातली.

इथं एक आकडा कंपन्या सांगत नाहीत, तो स्वतः काढा. चूक किती यापेक्षा ती किती वेगानं बदलते हे गायडिंगला जास्त छळतं. वळण गुळगुळीत असेल तर कमाल वेग म्हणजे ३.१४ गुणिले टोक-ते-टोक चूक, भागिले काळ. १० विकलांची चूक ४७९ सेकंदांत पसरली तर वेग सेकंदाला ०.०७ विकला. चार सेकंदांनी एकदा दुरुस्ती पाठवली तरी चालतं.

स्ट्रेन वेव्ह, म्हणजे बोलताना सगळे ज्याला हार्मोनिक म्हणतात ते. वॉल्टन मसर यांनी १९५० च्या दशकात शोधलेलं हे गिअर अपोलोच्या चांद्रबग्गीच्या चाकांतही होतं. लवचीक दातेरी कप आतून ताणून फिरवला जातो. बॅकलॅश (दात्यांमधला सैलपणा) जवळजवळ नसतोच आणि आकाराच्या मानानं ताकद प्रचंड. झेडडब्ल्यूओचं एएम५ जेमतेम ५ किलोचं असून काउंटरवेटशिवाय (समतोलाच्या वजनाशिवाय) १३ किलो उचलतं. किंमत मोजावी लागते ती आवर्ती चुकीत. ४० विकलांची चूक साधारण ४३० सेकंदांत पसरली तर वरच्या सूत्रानं वेग येतो सेकंदाला ०.२९ विकला. चार सेकंदांच्या गायडिंगमध्ये तारा विकलाभर पळालेला असतो, म्हणून अर्ध्या ते एका सेकंदानं दुरुस्त्या पाठवाव्या लागतात. इतक्या थोड्या वेळात गायड ताऱ्याची जागा सीइंगमुळं थरथरते आणि माउंट त्या थरथरीच्या मागं धावू लागतं. एकाच वेळी अनेक ताऱ्यांवर गायडिंग केल्यानं हे बरंच सुधारतं.

प्रवासाला हार्मोनिकसारखं सुख नाही. पण कायमच्या खांबावर, जिथं वजन उचलून न्यायचंच नाही, तिथं त्याचा सर्वांत मोठा गुण वाया जातो. आरएच्या (पूर्व-पश्चिम फिरवणाऱ्या) अक्षावर एन्कोडर (अक्षाची जागा मोजणारं यंत्र) असलेलं हार्मोनिक मात्र विचारात घेण्याजोगं आहे. घेतलंत तर वीज गेल्यावर अक्ष जागीच रोखणारा ब्रेक आहे ना, हे पत्रकात शोधा. असमतोल नळी अंधारात खाली लवंडणं परवडत नाही.

डायरेक्ट ड्राइव्ह. गिअरच नाही. मोठ्या व्यासाची मोटर सरळ अक्षावर बसते आणि एन्कोडर तिला क्षणाक्षणाला जागेवर ठेवतो. प्लेनवेव्हची एल मालिका आणि ऑस्ट्रियाच्या एएसएची डीडीएम माउंटं अशी चालतात. आवर्ती चूक नाही, बॅकलॅश नाही. आवाज तर इतका कमी की दुर्बीण वळली हे बघूनच कळतं. प्लेनवेव्हची माउंटं सेकंदाला ५० अंशांपर्यंत वळतात, त्यामुळं उपग्रहांचा पाठलाग करायचा असेल तर दुसरा पर्याय बघायचं कारण नाही. अडचण एवढीच की समतोल काटेकोर लागतो. केबलचा एक वेटोळा सैल झाला तरी मोटरला सतत जोर लावावा लागतो, आणि वीज गेली की अक्ष मोकळे सुटतात.

बेल्टवर चालणारी माउंटंही आहेत. इटलीच्या अवालॉनची ख्याती त्यावरच आहे. त्यांची हालचाल मऊ असते आणि क्रांतीच्या अक्षात बॅकलॅश भासत नाही. मध्यम वजनाला ती छान, पण ३० किलोंच्या वर मी वर्म किंवा डायरेक्ट ड्राइव्हच बघेन.

क्रांतीच्या बॅकलॅशकडं लोक दुर्लक्ष करतात, म्हणून जरा जवळून सांगतो. गायडिंगचा आलेख पडद्यावर उघडा आहे असं समजा. क्रांतीची रेघ हळूहळू वर चालली आहे. सॉफ्टवेअर खाली आणायची आज्ञा देतं, एकदा, दोनदा, पाचदा, आणि रेघ ढिम्म हलत नाही, कारण मोटर अजून दात्यांमधला सैलपणाच भरून काढते आहे. सहाव्या आज्ञेला सैलपणा संपतो, साठलेला जोर एकदम लागू होतो आणि रेघ शून्य ओलांडून खाली आदळते. मग तोच खेळ उलट्या दिशेनं. असा करवतीसारखा आलेख दिसणाऱ्या माउंटवर आरएची चूक कितीही कमी असली तरी तारे लांबटच येणार. स्प्रिंगनं दाबून ठेवलेला वर्म किंवा सैलपणा आपोआप भरणारी गिअरबॉक्स ही वरच्या श्रेणीत पैसे मोजण्याची खरी कारणं आहेत.

पायरी ४: एन्कोडर घ्यायचा का?

अक्षावरचा अचूक एन्कोडर किंमत बरीच वाढवतो. २४ बिटांचा एन्कोडर पूर्ण वर्तुळाचे १ कोटी ६७ लाखांहून जास्त भाग करतो, म्हणजे एक पायरी ०.०८ विकलेची. २६ बिटांचा असेल तर ०.०२. नुसत्या बिटांवर भुलू नका. खुणांच्या मधल्या जागेचा अंदाज बांधताना एन्कोडरचीही स्वतःची छोटी, झपाट्यानं फिरणारी चूक होते. स्वस्त एन्कोडरमध्ये ती वर्मच्या चुकीहून त्रासदायक ठरू शकते, कारण गायडिंगला ती पकडायला वेळच मिळत नाही.

एन्कोडरचे फायदे दोन, आणि माझ्या मते विक्रेते ते उलट्या क्रमानं सांगतात. ते आधी सांगतात की गायडिंगशिवाय छायाचित्रं घेता येतील. येतात हे खरं. १०मायक्रॉन १५ मिनिटांत साधारण १ विकलेच्या आतल्या ट्रॅकिंगचा दावा करते. पण त्यासाठी आकाशभर ताऱ्यांची मोजणी करून मॉडेल बांधावं लागतं. वातावरणामुळं तारे जागचे सरकलेले दिसतात, ४५ अंश उंचीवर सुमारे १ कला (६० विकला) आणि क्षितिजावर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. ही दुरुस्ती नीट व्हायला माउंटला तापमान आणि हवेचा दाबही कळवावा लागतो. घड्याळ एका सेकंदानं चुकलं तर नेम १५ विकलांनी चुकतो. आणि एवढं करूनही नळी स्वतः वाकत असेल किंवा मुख्य आरसा जागचा हलत असेल, तर माउंटला त्याचा पत्ताच लागत नाही. श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या दुर्बिणीतल्या हलत्या आरशासमोर लाखमोलाचा एन्कोडरही हतबल असतो. तिथं ऑफ-अॅक्सिस गायडर हवाच.

दुसरा फायदा मला मोठा वाटतो. अॅब्सोल्युट एन्कोडर असलेल्या माउंटला आपण कुठं बघतोय हे कायम ठाऊक असतं. वीज गेली, क्लच सैल होऊन नळी हलली, संगणक अडकला, तरी पुन्हा चालू केल्यावर त्याला दिशा सापडते. वेधशाळा घरापासून लांब असेल किंवा रात्री झोपून सकाळी छायाचित्रं बघायची सवय असेल तर हा गुण सगळ्या विकलांवर भारी पडतो. एन्कोडर परवडत नसेल तर निदान होम सेन्सर असलेलं माउंट घ्या, म्हणजे त्याला स्वतःची मूळ जागा शोधता येईल.

घराशेजारी वेधशाळा आणि गायडिंगची सवय असेल तर एन्कोडरचे पैसे वाचवून खांबावर आणि छपरावर घालण्यात शहाणपण आहे.

पायरी ५: आकार, छप्पर आणि तुमचा अक्षांश

जर्मन विषुववृत्तीय माउंट सर्वांत प्रचलित. त्याची ठरलेली अडचण म्हणजे मेरिडियन फ्लिप: वस्तू याम्योत्तरावर (आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) आली की नळी खांबाच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. नेमकी ती वस्तू तेव्हा आकाशात सर्वांत उंच असते. माउंट याम्योत्तराच्या पुढं किती वेळ चालू शकतं हे विचारा. काही माउंटं काही मिनिटांत थांबतात, काही तासाहून जास्त चालतात. फ्लिप सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण त्यानंतर वस्तू अचूक मध्यावर आणणं, फोकस आणि गायडिंग पुन्हा जुळणं यातली एक कडी तुटली की उरलेली रात्र गेली.

फोर्क माउंटला फ्लिप लागत नाही. मात्र ध्रुवाजवळ बघताना कॅमेऱ्याचं शेपूट फोर्कच्या तळाला आपटतं, त्यामुळं मागं लांब साखळी जोडता येत नाही. अल्ट-अझिमुथ (वर-खाली आणि आडवं फिरणाऱ्या) मांडणीत आकाश फिरताना दिसतं म्हणून कॅमेरा फिरवणारा रोटेटर लागतो आणि डोक्यावरच्या छोट्या भागात माउंटला झेपत नाही. मोठ्या नळीला ही मांडणी योग्य, बारा इंचांच्या आतल्या नळीला कशाला हा खटाटोप.

अक्षांशाची अट पत्रकात बारीक अक्षरांत असते. बरीच माउंटं मध्यम अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. विषुववृत्तापासून २० अंशांच्या आत राहणाऱ्यांनी उंचीचा स्क्रू तुमच्या अंशापर्यंत खाली येतो का, आणि तेवढ्या खाली काउंटरवेटचा दांडा खांबाला घासतो का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. दांडा अडत असेल तर खांबाच्या वर अरुंद जोडतुकडा बसवून सुटका होते. तो तुकडा माउंटबरोबरच मागवा.

छपराचा विचार नळी पार्क, म्हणजे ठरलेल्या जागी थांबवलेली, असताना करा. माउंट, नळी आणि दवरोधक कडं मिळून जो गोल फिरतो त्याचा व्यास कागदावर काढा. पार्क केल्यावर नळी छपराच्या वाटेत येत असेल, तर माउंट पार्क झाल्याची खात्री देणारा सेन्सर छपराच्या मोटरला जोडल्याशिवाय वेधशाळा आपोआप चालवू नका.

पायरी ६: केबल, वीज आणि सॉफ्टवेअर

नेमक्या याच कंटाळवाण्या गोष्टींवरून दोन महागड्या माउंटमधला फरक कळतो. पहिली गोष्ट केबल. बाहेरून लोंबणारा यूएसबीचा तार नळी वळताना खांबाच्या बोल्टला अडकतो, थंडीत कडक होतो, आणि तासातासाला तारा अर्ध्या विकलेनं खेचत राहतो. आलेखात हे ओढणं आवर्ती चुकीसारखं दिसत नाही. एक सावकाश चढ आणि मग अचानक झटका, असं ते दिसतं. अक्षांमधून केबल नेण्याची पोकळ वाट असलेलं माउंट घ्या, आणि तुमच्या केबलचा जोड त्या भोकातून जातो का ते मिलिमीटरमध्ये तपासा.

वीजपुरवठ्याचा व्होल्टेज सगळ्यांचा सारखा नसतो. १०मायक्रॉन जीएम२००० ला २४ व्होल्ट लागतात, पॅरामाउंट ४८ वर चालतात, बरीच छोटी माउंटं १२ वर. माउंटचा पुरवठा कॅमेऱ्याच्या कूलरपासून वेगळा ठेवा आणि मध्ये यूपीएस घाला. विजा कडाडू लागल्या की प्लग हातानं काढणं याला तोड नाही. सर्ज प्रोटेक्टर जवळ कोसळलेली वीज अडवतोच असं नाही.

सॉफ्टवेअरबाबत एकच कसोटी लावा: अॅसकॉम किंवा इंडी (माउंट आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रणाली) यांतलं तुम्ही वापरता ते ड्रायव्हर कंपनी स्वतः सांभाळते का? पॅरामाउंटची अचूकता द स्काय आणि टीपॉइंट या सॉफ्टवेअरशी घट्ट बांधलेली आहे, १०मायक्रॉन मॉडेल स्वतःच्या डब्यातच ठेवतं. दोन्ही पद्धती चांगल्या, पण तुमची कामाची सवय कशात बसते ते आधी बघा.

पायरी ७: खांब

माउंटची ऑर्डर देण्याआधी खांबाचा आराखडा तयार हवा. टोकाशी लागलेल्या जोरानं होणारा वाक उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. खांब निम्म्या उंचीचा केला तर वाक आठवा हिस्सा. त्याच जाडीच्या पत्र्याचा पाइप १५० ऐवजी २०० मिमी व्यासाचा घेतला तर ताठपणा सुमारे २.४ पट. पाइपात वाळू भरल्यानं ताठपणा फारसा वाढत नाही, पण कंपन लवकर विरतं.

काँक्रीटचा पाया वेधशाळेच्या जमिनीपासून फटीनं वेगळा ठेवा, नाहीतर तुमचं प्रत्येक पाऊल छायाचित्रात उतरेल. वरच्या टोकाला दोन पट्ट्या लांबलचक बोल्टवर उभ्या करण्याची पद्धत दिसते. समपातळी करायला ती सोयीची, पण चाळीस किलोंच्या भाराखाली ते बोल्ट डोलतात. बोल्ट जाड आणि शक्य तितके आखूड ठेवा. पातळी अगदी बिनचूक नसली तरी बिघडत नाही, ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडं रोखणं) ते सांभाळते.

पायरी ८: ऑर्डर देण्यापूर्वी

छोट्या कारखान्यांची माउंटं तुकड्या-तुकड्यांनी बनतात, म्हणून थांबावं लागतं. तो काळ खांब आणि छपरासाठी वापरा. कंपनीला विचारायचे प्रश्न थोडेच: या विशिष्ट माउंटचा मोजलेला आवर्ती चुकीचा आलेख मिळेल का, नियंत्रण डबा बिघडला तर दुरुस्त होऊन किती दिवसांत येतो, दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे भाग आज मिळतात का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून कंपनीची बरीच पारख होते.

वापरलेलं माउंट घ्यायला घाबरू नका. या श्रेणीतलं यांत्रिक काम दशकानुदशकं टिकतं. म्हातारी होतात ती इलेक्ट्रॉनिक्स. जुनं माउंट बघायला गेलात तर क्लच सोडून दोन्ही अक्ष हातानं फिरवा, कुठं खरखर किंवा अडखळ लागते का ते जाणवेल. मग क्लच आवळून नळीच्या पट्टीला हलका झोका द्या आणि टकटक ऐकू येते का बघा. नियंत्रण डबा त्याच मॉडेलचा नवा मिळत नसेल तर सौदा कितीही स्वस्त असो, हात आखडता घ्या.

पायरी ९: आल्यावर पहिल्या स्वच्छ रात्री

परत करण्याची मुदत संपायच्या आत माउंट तपासून व्हायला हवं. ध्रुवीय जुळणी आधी करा. १ कलेची चूक राहिली तर क्रांतीत दर मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकलेचा सरक येतो, म्हणून कलेच्या आत या. समतोल साधा. वर्मच्या माउंटवर नळी पूर्वेकडं किंचित जड ठेवली की दाते एकाच बाजूला टेकून राहतात. डायरेक्ट ड्राइव्हवर असं करू नका.

मग गायडिंगच्या दुरुस्त्या बंद ठेवून आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा, याम्योत्तरालगतचा एक तारा नोंदवत बसा, निदान वर्मचे तीन पूर्ण फेरे. तिन्ही फेऱ्यांचे वक्र एकमेकांवर बसले तर पीईसी कामाची. बसले नाहीत तर चुकीचं मूळ वर्ममध्ये नाही, ते केबल, बेअरिंग किंवा खांबात शोधा. पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या गायडिंग असिस्टंटनं क्रांतीचा बॅकलॅश मोजा. आकाशाच्या चारही दिशांना गो-टू करून एकाच ताऱ्यावर परत या आणि तो दर वेळी त्याच पिक्सेलच्या आसपास पडतो का पाहा. खांबाला बोटांनी टिचकी मारून तारा किती सेकंदांत शांत होतो तेही बघून घ्या. एक-दोन सेकंद ठीक.

शेवटी दुरुस्त्या चालू करून पूर्ण भारासह याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटांची छायाचित्रं घ्या. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला लांबट तारे आले तर आधी समतोल आणि नळीची पकड तपासा, माउंटला दोष देण्याची घाई नको. सगळे लॉग तारीख घालून जपून ठेवा आणि शंका असेल तर तेच, काटछाट न करता, कंपनीला पाठवा. चांगल्या कंपनीचा तंत्रज्ञ आलेख बघूनच सांगतो की कुठला स्क्रू किती फिरवायचा.